भावाची गाडी

आमच्या घरात मीच पहिला पदवीधर. सत्तरच्या दशकात सानगडीजवळच्या एका शाळेत मास्तर झालो, तेव्हा वाटायचं, मला जे मिळालं ते या मुलांनाही मिळावं. दहावीला मी एक जुनी कादंबरी शिकवायचो. शाळेत प्रत एकच, म्हणून वर्गात वाचून दाखवायचो. सासरी खितपत पडलेली सून माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसते, अशी ती गोष्ट. पहिल्याच पानावर तिला न्यायला निघालेल्या भावाची बैलगाडी मोडते. "ही शेवटाची खूण आहे," असं मी शिकवलं. एका मुलीने ते वहीत लिहून खाली रेघ मारली.

रोवणी लागली आणि अर्धा वर्ग, ती मुलगीही, भात लावायला धानाच्या बांधीत गेला. चाचणी जवळ आली होती, म्हणून मी न थांबता शेवट वाचून टाकला. ती मुलगी पुन्हा शाळेत आलीच नाही. तिचं लग्न झालं.

पुढच्या उन्हाळ्यात ती बाजारात भेटली. सासू पलीकडे मिरच्या घेत होती.

"सर, त्या सुनेले माहेर भेटलं का जी?"

तिच्या तोंडाकडे पाहून मला खरं सांगवेना. "भेटलं. भाऊ आला न्यायला."

ती हसली. "कायले फसवता, सर? गाडी त पहिल्याच पानावर मोडली होती. तुमीच त सांगतलं."

सासूने हाक मारली, तशी ती गेली.

चाचणीत इतकं नेमकं उत्तर कुणीच लिहिलं नव्हतं. आणि हजेरीपटावरून तिचं नाव मीच माझ्या हाताने कमी केलं होतं.