आत्याच्या पंगतीला दरोडेखोर

दरोडेखोर जेवायला बसले होते आणि उठायचं नाव घेत नव्हते.

मी, श्रीनिवास आणि इरफानभाई एकाच स्क्रीनमध्ये डोकी खुपसून बघत होतो. स्क्रीनवर उजाड गाव, पत्र्याचं एक घर, आणि त्याच्या उंबऱ्याच्या आत मांडी घालून बसलेली आडदांड माणसं. पाठीला बंदुका. त्यांच्यामधून एक म्हातारी फिरत होती आणि प्रत्येकाच्या ताटात भाकरी टाकत होती. "घे की रं, लाजतुस कशाला?" दरोडेखोर म्हणायचा, "नको." ती टाकायची. तो पुन्हा, "नको." ती पुन्हा टाकायची. एकाच्या ताटातली भाकऱ्यांची चळत छपरातून वर निघाली होती.

"लॅपटॉप तापलाय," श्रीनिवास म्हणाला. "एवढ्या भाकऱ्या त्याला झेपंनात."

मी फिसकन हसले. इरफानभाई हसले नाहीत. "क्या जी ये, मनीषा? परवा मार्थाला हे दाखवायचं?"

थोडं आधीपासून सांगते. मी गेम डिझायनर आहे. गेममध्ये कुणी कुठं भेटावं, काय बोलावं, काय घडावं, हे मी लिहिते. श्रीनिवास प्रोग्रामर, मी लिहिलेलं तो चालतं करतो. स्टुडिओ इरफानभाईंचा. स्टुडिओ म्हणजे जुळे सोलापुरातला एक फ्लॅट, ज्याच्या किचनमध्ये सर्व्हर आहे आणि हॉलमध्ये आम्ही.

परदेशातल्या एका कंपनीचा एक मोठा गेम आहे. महायुद्धात जग बेचिराख झालंय, माती विषारी झालीय, आणि खेळणाऱ्यानं भंगार गोळा करत, गोळ्या झाडत जिवंत राहायचं. अशा गेमला हौशी लोक पदरचं काहीबाही जोडत असतात, त्याला मॉड म्हणतात. आम्हीही गंमत म्हणून एक केला होता. त्यात चिलखताच्या जागी सोलापुरी चादर होती आणि खायला ज्वारीची कडक भाकरी. मूळ गेममध्ये सगळं अन्न सडतं. कडक भाकरी सडत नाही, एवढी एकच गोष्ट आम्ही त्या जगाला शिकवली. लोक त्या भाकरीवर असे तुटून पडले की शेवटी कंपनीनंच विचारलं, आमच्यासाठी अधिकृत एक्स्पान्शन कराल का? म्हणजे मूळ गेमला जोडायचा नवा भाग, नवं गाव, नवी गोष्ट. त्या दिवशी आम्ही तिघं नव्या पेठेत जाऊन उगाचच चादरी घेऊन आलो होतो. घरात भरपूर असताना!

मार्था ही त्या कंपनीची प्रोड्यूसर. काम तपासणारी तीच. आमचा पहिला बिल्ड, म्हणजे खेळून बघता येईल असा तयार झालेला भाग, आम्ही उशिरा दिला होता. तेव्हा तिनं अगदी गोड शब्दांत कळवलं होतं, की पुढचा बिल्ड न अडकता शेवटपर्यंत खेळता आला नाही तर उरलेलं काम कंपनी स्वतःच करेल. तसं झालं तर या फ्लॅटला कुलूप आणि मी परत पुण्यात. पुण्यात मी कॉट बेसिसवर राहून दुसऱ्यांच्या गेममधल्या चुका शोधण्यात कित्येक वर्षं घालवली होती. मला परत जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

आणि इथं माझेच दरोडेखोर पंगतीत अडकून बसले होते.

चूक शोधायला वेळ लागला नाही. गावातल्या म्हातारीसाठी मी एक नियम लिहिला होता: जेवणाच्या वेळी उंबऱ्याच्या आत येईल तो पाहुणा, आणि पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. जेवताना कुणी हत्यार काढत नाही, हा मूळ गेमचाच नियम. दरोडेखोर लुटायला यायचे तेही उंबऱ्यातूनच. झाले पाहुणे.

"ठीक हाय," श्रीनिवास म्हणाला. "पण उठत का नाहीत? 'नको' म्हणतायत की."

"पहिलं 'नको' धरायचं नाही असं मीच लिहिलंय."

"दुसरं?"

"दुसरंही नाही. कुठलंच नाही. पाहुणा 'नको' म्हणणारच ना! ताटावर हात आडवा धरला, की थांबायचं."

श्रीनिवास म्हणाला, "अय्यो."

ताटावर हात धरायची हालचाल मूळ गेममध्ये नव्हतीच. तिकडच्या माणसांना बंदूक भरता येते, भिंतीवर चढता येतं, आठ तऱ्हेनं मरता येतं. ताटावर हात धरता येत नाही. श्रीनिवासनं तिथं जागा सोडली होती, नंतर करू म्हणून, आणि साफ विसरला होता. तपासताना आमच्यापैकी कुणालाच यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण तिघांच्याही घरी असंच वाढतात.

"सोपं आहे," इरफानभाई म्हणाले. "दरोडेखोरांना पाहुण्यांतून काढा. त्यांच्या नावापुढची 'पाहुणा' ही टिक काढायची."

श्रीनिवासनं टिक काढली. गेम पुन्हा चालवला. दरोडेखोर आले. म्हातारी ओसरीवर आली, पदराला हात पुसले, आणि पहिलीच गोळी तिला लागली. भाकरी घरंगळत अंगणात गेली.

त्या म्हातारीला आवाज माझ्या सख्ख्या आत्याचा होता. मंगळवेढ्याहून बोलावून, आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून चादर पांघरून, आम्ही तिच्याकडून ती वाक्यं म्हणवून घेतली होती. मी हात पुढं करून गेम थांबवला.

"नक्को," इरफानभाई म्हणाले. "आत्याला गोळी? नक्को बाबा. टिक परत लाव. हात धरायचं शिकवा त्यांना."

"परवाच्या आत?"

"हौ. नाही जमलं तर मार्थासमोर मी बोलतो."

बोलून काय होणार होतं ते आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

नवी हालचाल बसवायची आमची पद्धत साधी आहे. एक माणूस ती करून दाखवतो, मोबाईलवर शूटिंग करायचं, आणि सॉफ्टवेअर ती हालचाल गेममधल्या माणसाच्या अंगात घालतं. श्रीनिवास हॉलमध्ये रिकामं ताट घेऊन बसला आणि त्यानं ताटावर हात धरला. भाकरी गरम आहे का ते बघतोय असं वाटत होतं. पुन्हा धरला. आता माशी हाकलतोय असं वाटलं. मी वाढायचं नाटक केलं, तर तो मलाच हसायला लागला.

"खरं वाढणारं माणूस पाहिजे," इरफानभाई म्हणाले.

मी फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या एसटीनं आली. पिशवीत कडक भाकरी, शेंगा चटणी, झुणका आणि किटलीत दही. तिला मी समजावून सांगितलं, की नुसतं वाढायचं नाटक करायचं, श्रीनिवास हात धरेल, मग थांबायचं.

"नाटक कशाला? उपाशी ठिवू का त्या लेकराला?" ती म्हणाली. "बस रं बाळा हितं. लई वाळलायस."

मी मोबाईल धरला. आत्यानं वाढलं. श्रीनिवासनं हात आडवा धरला, छान धरला. आत्यानं त्याची बोटं बाजूला करून भाकरी ठेवली.

"आत्या, हात धरल्यावर थांबायचंय!" मी ओरडले.

"आगं, त्येनं कुटं मनापासनं धरलाय?"

श्रीनिवास घरून नाष्टा करून आला होता. तरी बिचारा खात होता. पुढच्या वाढपाला त्यानं दोन्ही हात धरले. आत्यानं झुणका मनगटावर वाढला. मग मात्र त्याचा धीर सुटला. "अय्यो, आत्या, नको, खरंच नको!" म्हणत तो अख्खा ताटावर पालथा पडला, दोन्ही कोपरं पसरून, छातीखाली ताट घेऊन. आत्यानं कोपराखालून चतकोर आत सरकवला आणि मगच कंबरेवर हात ठेवले.

"आता भरलं बग पोट," ती म्हणाली.

इरफानभाई हसून हसून भिंतीला टेकले होते. माझा मोबाईल गदगदत होता. पण तेच शूटिंग आम्ही वापरलं. त्याच्याहून खरं दुसरं मिळणार नव्हतं.

मार्थाचा कॉल सुरू झाला तेव्हा बिल्ड आम्ही एकदाच शेवटपर्यंत चालवून बघितला होता. ती खेळत होती, आम्ही तिची स्क्रीन बघत होतो. दरोडेखोर आले. मार्था भिंतीआड बंदूक रोखून बसली. दरोडेखोर उंबऱ्याच्या आत गेले आणि ओळीनं मांडी घालून बसले. आत्याचा आवाज आला, "घे की रं, लाजतुस कशाला?" मार्थाची बंदूक तशीच रोखलेली. मी टेबलाखाली श्रीनिवासचा शर्ट घट्ट धरून ठेवला होता.

मग मार्थानं जे केलं ते आम्ही एकदाही करून बघितलं नव्हतं. गोळी नीट लागावी म्हणून ती जवळ गेली. उंबरा ओलांडला. आणि तिच्या माणसानं बंदूक पाठीला लावली आणि मांडी घातली.

"हे काय? मी का बसले?" ती म्हणाली. ताटात भाकरी पडली. तिनं एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. दुसरी भाकरी, तिसरी भाकरी. "हिला थांबवू कशी?" आता ती ओरडत होती, आणि ओरडता ओरडता हसत होती. "अरे कुणीतरी हिला थांबवा!"

"उडी मारायचं बटण दाबून धरा," श्रीनिवास घाईघाईनं म्हणाला. "दोन्ही हात ताटावर जातील. तपासायला म्हणून मी ती हालचाल त्याच बटणावर बसवलीय."

मार्थाचा माणूस ताटावर पालथा पडला. शेजारचे दरोडेखोरही एकेक करून पालथे पडले. आत्यानं कंबरेवर हात ठेवले. मंडळी उठली, अंगणातल्या पिंपावर हात धुतले, आणि गावाला बोटही न लावता निघून गेली. नावापुढं पाहुण्याची टिक होती ना, लुटणार कसे?

मार्था बराच वेळ डोळे पुसत होती. मग तिनं विचारलं, "ही चूक आहे की असंच करायचं होतं?"

इरफानभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "चूकच होती. पण आमच्याकडे असंच असतं."

"मग हात लावू नका तिला," मार्था म्हणाली. "बिल्ड पास."

आम्ही कॉल संपेपर्यंत शहाण्यासारखे बसलो. संपल्यावर श्रीनिवासनं खुर्चीसकट गिरकी घेतली आणि इरफानभाईंनी बाल्कनीत जाऊन कुणाला तरी मोठ्यानं सलाम ठोकला. मी रडले, उगाच खोटं कशाला सांगू. पुण्याची बॅग माळ्यावरच राहिली.

एक्स्पान्शन निघून आता बरेच दिवस झाले. शेवटी एक भयंकर टोळीप्रमुख आहे, त्याला मारताना लोकांचा घाम निघतो. खेळणाऱ्यांनी परस्पर शोधून काढलं, की त्याला कसंबसं पळवत उंबऱ्यापर्यंत आणलं की काम झालं. कुठल्या कुठल्या देशातली माणसं व्हिडिओ टाकतात. टोळीप्रमुख ताटावर पालथा आणि खेळणारा किंचाळतोय, "नको, नको!"

या धंद्यातला माझा धडा एवढाच: नियम लिहिताना काय करायचं याच्याआधी कुठं थांबायचं ते लिहावं.

आत्याला मी ते व्हिडिओ दाखवले. तिनं चष्मा लावून एकेक नीट बघितला. जगभरची माणसं तिच्यापुढं पालथी पडलेली.

"व्हय गं, समदं खरं," ती म्हणाली. "पर पोटभर जेवली का ती?"