पन्नी न्हाई, पान

आमच्या घरात पन्नीला बंदी होती. कुणी प्लास्टिकच्या पिशवीत शेव आणली, तर आई ती दारातच डब्यात ओतून घ्यायची आणि पिशवी त्याच्याच हातात परत द्यायची. तिची लाडकी शेळी पन्न्या खाऊन मेली होती. आधी रवंथ बंद झालं, मग खाणं. ढोरांच्या डॉक्टरांनी पोटातला प्लास्टिकचा गोळा काढून दाखवला, तेव्हा आई डोक्याला हात लावून बसली होती.

आणि मी शिकायला गेले ते नेमकं खाण्याचे पदार्थ गुंडाळायच्या कागदांचं! समुद्रातल्या शेवाळापासून निघणारी अगर नावाची पावडर पाण्यात उकळायची, त्यात वसमतच्या हळदीचा अर्क आणि थोडं ग्लिसरीन घालायचं, ताटात पातळ ओतून वाळवायचं. पहिला कागद पापडासारखा तडकला. ग्लिसरीन कमी पडलं होतं. दुसरा मात्र पिवळाधमक, मऊ निघाला. मातीत कुजणारा, वर बुरशीला अडवणारा. दिवाळीच्या सुट्टीत तो मोठ्या तोऱ्यात गावी, हट्ट्याला, घेऊन आले.

"पन्नीच हाये की," आई म्हणाली.

"पन्नी न्हाई गं, शेवाळाची हाये."

"हिरीतल्या शेवाळात गुंडाळलेली भाकर कोन खाईल?"

मीही तिचीच लेक. एक भाकरी डब्यात ठेवली, एक माझ्या कागदात. चौथ्या दिवशी डब्यातल्या भाकरीवर बुरशी, माझी स्वच्छ! दोन्ही ओसरीवर मांडून आईला बोलवायला आत धावले. आम्ही बाहेर आलो, तर त्या मेलेल्या शेळीची पाठ, तिची मागं राहिलेली तरणी पिल्ली, माझी भाकरी संपवून कागदाचा शेवटचा कोपरा आत ओढत होती.

"मारलंस माझ्या लेकराला!" आई ओरडली.

"काही होत न्हाई, आई," मी म्हणाले. कॉलेजात सरांपुढे फाडफाड बोलणारी मी; पण आईकडे बघायची हिंमत होईना.

दोघी शेळीजवळ बसून राहिलो. उन्हं कलली तशी ती पाय दुमडून बसली आणि निवांत रवंथ करू लागली. आईनं तिच्या पोटावरून हात फिरवला आणि हसली. मला इतकं बरं वाटलं, की पुरावा गेल्याचं काहीच वाटलं नाही.

मी परत निघाले, तेव्हा उरलेला कागद आईनंच मागून घेतला आणि माझी भाकरी त्यात बांधली. शेजारीण बघतच राहिली. "काहून वो, तुमी पन्नी वापरून राहिल्या?"

"पन्नी न्हाई," आई म्हणाली. "पान हाये. माझ्या पोरीनं केलेलं."