मांडीवरचा कॉम्प्युटर

तिचं नाव मी विचारलं नाही. पिरंगुटहून रिह्याला जाणाऱ्या बसमध्ये ती शेजारी येऊन बसली. कंपनीतून सुटलेली, पन्नाशीची दमलेली बाई. मांडीवर कॉम्प्युटरचा मोठा डबा आडवा ठेवलेला आणि दोन्ही हात त्याच्याखाली.

"खाली उभा ठेवा की," मी म्हणालो.

"न्हाई. आतलं ग्राफिक कार्ड लई जड हाय. डबा उभा केला की ते वजनानं खाली लोंबतंय. मागं ते बसतंय ती खाचच त्यानं मोडली. लेक घरी बसून बंगल्यांची चित्रं करती, तिचं काम बंद पडलं. आता दुकानदारानं खालून टेकू लावून दिलाय, पण ह्या रस्त्यावर त्यो टेकू काय करणार?"

थोड्या वेळानं तिचा डोळा लागला. खड्डा आला की झोपेतच तिचे हात डबा उचलून धरत. मग तेही सैल पडले, तेव्हा मी माझे हात डब्याखाली घातले. मला वाटेत घोटावड्याला उतरायचं होतं. उतरलो नाही.

रिह्याला ती दचकून उठली. आधी डब्याच्या काचेतून आतलं कार्ड पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"सरळ हाय," ती म्हणाली आणि डबा तसाच आडवा धरून सावकाश पायऱ्या उतरली.