नवरीच्या गाडीचा एसी

माझ्या चुलत बहिणीने लग्नात एकच हट्ट धरला होता, आणि तोही माझ्या बाबांकडे. "काका, मी तुमच्या गाडीतनं जाणार. पण एसी लावायचा हां. नायतर सायवनला सासरी पोचेपर्यंत माझा सगळा मेकअप गळ्यात येईल."

बाबा हसत हो म्हणाले, पण त्यांनी ते फार मनावर घेतलंय हे मला दिसत होतं. रानशेतजवळच्या आमच्या पाड्यातून आजवर नवऱ्या टेम्पोतून गेल्या, जीपमधून गेल्या. एसीच्या गाडीतून जाणारी ही पहिलीच, आणि गाडी बाबांची. दुसऱ्याकडून घेतलेली जुनी असली, तरी बाबांची.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी एसीतून गरम वारा यायला लागला.

बाबांनी बटण बंद करून पाहिलं, चालू करून पाहिलं. मग मला म्हणाले, "चल बाय, तलासरीला. तू बरोबर असलीस म्हणजे तो मेकॅनिक काय बोलतो ते कळंल तरी."

मी डहाणूला बी.कॉम. करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे बँकेच्या मशीनपासून गाडीच्या मशीनपर्यंत सगळं मला समजतं असं बाबा धरून चालतात. एसीतलं मला काहीच कळत नाही हे सांगावं की नाही, याचा विचार करेपर्यंत आम्ही हायवेला लागलोसुद्धा. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळाकडे बघून बाबांनी एका हाताने नमस्कार केला, नेहमीपेक्षा जरा लांब.

तलासरीतल्या गॅरेजवाल्याची मराठी मध्येच गुजरातीत जायची आणि परत यायची. त्याने बॉनेट उघडलं, आत टॉर्च मारला आणि हसायलाच लागला. "काका, आ शुं? चिमणीने घरटं केलंय काय?"

घरटं नव्हतं. तारा होत्या. महालक्ष्मीला नेऊन गाडीची पूजा केली तेव्हापासून बाबा दर शनिवारी गाडीला लिंबू-मिरची बांधतात. सुरुवातीला पुढे बंपरला बांधायचे, पण पाड्यातल्या शेळ्या येऊन मिरच्या ओढून न्यायच्या. म्हणून त्यांनी बॉनेटच्या आतली जागा शोधली. तिथे एक चकचकीत पाइप होता, तार अडकवायला अगदी सोयीचा. सुकलेलं लिंबू ते काढून टाकायचे, पण देवीच्या नावाने बांधलेली तार तोडायला त्यांचं मन व्हायचं नाही. नव्या लिंबाला नवी तार. आम्हा कुणालाच त्यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं.

गॅरेजवाल्याने पकडीने तारा तोडल्या आणि पाइपला साबणाचा फेस लावला. एका जागी बारीक बुडबुडे यायला लागले.

"हा एसीचा पाइप. नरम असतो. गाडी हलते, तार घासते. पडलं भोक, गेला गॅस."

"म्हणजे लिंबाने पाइप खाल्ला?" बाबांनी विचारलं.

"लिंबाने नाय काका, तारने."

"देवीचं लिंबू होतं ते."

"पण देवीने थोडंच सांगितलं होतं, पाइपला बांध म्हणून?"

शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर मोठ्याने हसला. बाबा टायरवर बसून त्या तोडलेल्या तारांकडे बघत राहिले. मला त्यांच्यासाठी काहीतरी बोलायचं होतं, पण माझं असंच होतं, वाक्य जुळवेपर्यंत वेळ निघून जाते. शेवटी मी आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

आईने सगळं ऐकून घेतलं. "पाइपच गेला ना? इंजिन नाय ना?"

"नाय."

"मग बरंच झालं की. लग्नाची गाडी म्हणून सगळा पाडा बघत होता. ती नजर पाइपवर गेली, गाडी वाचली. लिंबाने आपलं काम केलं."

"काकीला इथे गॅरेजात बसवा," गॅरेजवाला म्हणाला, "गिऱ्हाईक रडत येणार नि हसत जाणार."

बाबा उठले. त्यांनी ट्रकड्रायव्हरजवळ जाऊन नजरेचं सगळं त्याला समजावून सांगितलं, जणू ते त्यांनाच सुचलं होतं.

तसला पाइप तलासरीत मिळेना. गॅरेजवाल्याने वापीला फोन केला आणि तिकडून येणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोबरोबर पाइप मागवला. टेम्पो येईपर्यंत बाबांच्या रस्त्यापर्यंत किती फेऱ्या झाल्या असतील! पाइप आला तेव्हा ऊन उतरलं होतं. जुना निघाला, नवा बसला, दोन्ही टोकांना नव्या रबरी रिंगा लागल्या. मग त्याने एक पंप जोडून आतली हवा ओढून काढायला सुरुवात केली.

"गॅस भरायचाय ना? मग हा काढतोय कशाला?" बाबांनी माझ्या कानात विचारलं.

मला माहीत नव्हतं. या वेळी मी तसं सांगितलं, आणि गॅरेजवाल्यालाच विचारलं. आत दमट हवा राहिली तर एसी नीट चालत नाही, असं तो म्हणाला. बाबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, जणू उत्तर मीच दिलं होतं.

गॅस भरून झाल्यावर बाबांनी जाळीसमोर तळहात धरला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. "बर्फ हाय बर्फ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवरी बसायच्या आधीच त्यांनी गाडी गार करून ठेवली. काचा वर, दारं बंद, कुणी दार उघडं ठेवलं की ओरडायचे. बहीण आत बसली, "काका, भारीच!" म्हणाली. बाबांची मान ताठ झाली. मी पुढे बसले होते, मला तर थंडी वाजत होती.

गाडी निघाली तशा पाड्यातल्या बायका दोन्ही बाजूंनी गाणी म्हणत चालू लागल्या. काचेतून त्यांची तोंडं हलताना दिसत होती, आवाज मात्र आत येत नव्हता. बहीण थोडा वेळ बघत राहिली. मग तिने काच खाली केली.

"अगं बाय, एसी बाहेर जातो ना!"

"जाऊ द्या काका. माझ्या लग्नाची गाणी नि मलाच ऐकू येत नायत."

एसीसाठी आदला अख्खा दिवस बाबा धावले होते. मला वाटलं, आता ते चिडतील. त्यांनी एकदा आरशातून तिच्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या बाजूची काचसुद्धा खाली केली. एसी मात्र बंद केला नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून बायकांच्या चालीने चालवत राहिले. गाडीशेजारून चालणारी एक म्हातारी गाणं मध्येच थांबवून ओरडली, "अरे, या गाडीतनं गार वारा येतो!" तशा सगळ्याजणी हसत, गात आणखी जवळ सरकल्या.