हो खंयच्या डोंगराचो?

लाटंबार्से गावात नवा मोबाईल घेऊन त्याचं कौतुक शेवटपर्यंत उपभोगलेला माणूस सापडणार नाही, आणि याला एकटे माझे मामेसासरे कारण आहेत. कुणी फोन घेतला की मामांना त्याची खबर घरबसल्या लागते. सकाळी न्याहारीला उंडे-पाव आणायला म्हणून निघतात ते थेट त्या घरी. फोन तळहातावर घेतात, नारळ पारखावा तसा कानाशी हलवतात, पाठीवर टिचकी मारतात आणि घरधन्याला विचारतात, "हो खंयच्या डोंगराचो?" म्हणजे हा कुठल्या डोंगराचा? एकदा बारशाला गेले, तर बाळाकडे ढुंकूनही न पाहता बापाच्या मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाची अशीच चौकशी करून आले.

हा प्रश्न विचारायचा अधिकार त्यांनी कमावलेला आहे. बावीस वर्षं ते लोखंडाच्या खाणीवर शॉवेल मशीन चालवत होते. गावामागचा डोंगर त्यांनीच ओरबाडून ट्रकांत भरला, तिथून तो नदीतल्या बार्जवर चढला आणि परदेशी गेला; मागे गावची पाण्याची झर आटली. "आमचो डोंगर भायर गेलो आनी खोक्यांत घालून परत आयलो," असं ते म्हणतात. मी शिकलेला जावई. मी शहाणपणा केला, की मोबाईलमध्ये आपलं लोखंड ते कितीसं असणार, त्यातलं तांबं, कोबाल्ट भलत्याच देशांतून येतं. मामा शांतपणे म्हणाले, "मागीर तो दुसऱ्या कोणाचो तरी डोंगर. थंयय कोणाची तरी झर सुकली आसतली." मी चहा प्यायलो.

भंगारवाल्याला ते दारात उभं करत नसत. तो तांब्यासाठी वायरी जाळतो आणि तो धूर सगळा गाव गिळतो, हा त्यांचा राग. मग त्याच्याकडे जाणारे गावातले मेलेले फोन, चार्जर, बॅटऱ्या मामांच्याच माळ्यावर येऊ लागल्या. मामी म्हणायच्या, "आमगेर पावण्यांपरस चार्जर चड." घरात पाहुण्यांपेक्षा चार्जर जास्त, ही त्यांची तक्रार खरीच होती. माळा भरला तेव्हा मामांनी परसातल्या कुंपणाशी खड्डा खणला, सगळं प्लास्टिकात गुंडाळलं आणि पुरलं. मातीतून आलं ते मातीत गेलं, असा त्यांचा सरळ हिशेब. मीही माझे तीन जुने फोन त्यांच्या हवाली केले. तिन्ही चालू होते. नुसता त्यांचा कंटाळा आला होता, आणि असा सज्जन माणूस घेतोय म्हटल्यावर मनाला टोचणीही लागली नाही.

त्याच कुंपणावर कवंडळाचा वेल होता. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला रानफळं टांगायची, ती आमची माटोळी. तिच्यात कवंडळाची लालभडक फळं हवीतच. डोंगर होता तोवर ती हवी तितकी मिळत. डोंगर गेल्यावर सगळ्या वाड्याला हा एकच वेल पुरत होता, आणि मामा तो पोटच्या पोरासारखा जपत. गेल्या वर्षी तो मुळापासून वाळला. मामांनी खड्डा उकरला, तर बॅटऱ्या फुगून फुटलेल्या आणि माती काळी, चिकट. ती माती कुणी तपासून घेतली नाही. मामांना तशी गरजच वाटली नाही.

त्या चतुर्थीला माटोळीत कवंडळाच्या जागी एक मेलेला मोबाईल लोंबत होता.

"देवाच्या माथ्यार तें कितें?" मामी रडवेल्या झाल्या.

"आतां आमच्या डोंगराक हींच फळां धरतात," मामा म्हणाले.

पाहुणे हसले. मीही हसलो आणि फोटो काढायला नवा फोन वर केला. पडद्यावर तो लोंबणारा फोन मोठा दिसला, कोपऱ्याला ओळखीचा तडा असलेला. माझाच होता. मी हात खाली घेतला.

तेव्हापासून मामा कुणालाच काही विचारत नाहीत. लोक आता निवांत फोन घेतात. मला मात्र त्या प्रश्नावाचून गाव सुनं वाटतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. यंदा मी म्हापशाच्या बाजारातून दोन कवंडळं घेऊन गेलो. त्यांनी एक तळहातावर घेतलं, सवयीने कानाशी हलवलं आणि वर्षभराने विचारलं, "हें खंयच्या डोंगराचें?"

विकणारीला मी फक्त भाव विचारला होता.

एक कवंडळ मामांनी माटोळीला बांधलं. दुसरं बियाण्याला म्हणून खिडकीत ठेवलं. ते पेरायचं कुठे, हा विषय दोघांनीही काढला नाही.