राखलेली जागा

दाढ काढून झाल्यावर डॉक्टरबाईंनी त्या खड्ड्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा ठेवला आणि टाका घातला.

"हिरडीला फार घाई असते, काका," त्या म्हणाल्या. "ती आधी आत शिरली, तर हाडाला जागाच उरत नाही. हाड सावकाश भरतं. तोवर हा पडदा जागा राखतो, मग आपोआप विरघळतो." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "सोबत कोण आलंय? पथ्य सांगायचंय."

"मलाच सांगा," मी तोंडातल्या कापसाच्या बोळ्याआडून म्हणालो.

घरी आल्यावरही जीभ सारखी तिथेच जात होती. बायको गेली, तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाने तिची लोखंडी खाट हलवून तिथे टीव्हीचं टेबल ठेवलं होतं. "मोकळी जागा बघून तुम्हाला त्रास होईल, बाबा." मायेनेच म्हणाला. मलाही तेव्हा बरंच वाटलं. हाडासारखं सावकाश भरणारं माझ्यातही काही असेल, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुपारी मी ते टेबल ओढत समोरच्या भिंतीला नेलं. खाटेच्या पायांच्या गंजाचे चार डाग फरशीवर अजून होते. मी खुर्ची आणली आणि त्या डागांच्या बाहेर ठेवून बसलो.