नागमोडीचा गिटारवाला

महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या पॅकिंग विभागात दीपेश उतेकर नावाचा माणूस काम करतो. वय चाळिशी ओलांडलेलं, केस बारीक कापलेले, बोलणं कमी. निळे प्लास्टिकचे ड्रम भरून आले की त्यांची झाकणं आवळायची, वजन बघायचं, सील लावायचं, हे त्याचं काम. बरोबरच्यांना एवढंच माहीत होतं की हा पूर्वी मुंबईला ‘म्युझिकमध्ये’ होता. म्युझिकमध्ये म्हणजे नेमकं काय, ते कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्याची बायको दर्शना आणि मी महाडात एकाच हॉस्पिटलात नर्स आहोत. त्यामुळे त्याची गोष्ट मला कळली, तीही तुकड्या-तुकड्यांनी. बरीचशी तिच्याकडून, थोडी त्याच्याकडून.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की डाव्या हाताला डोंगरात दीपेशची वाडी आहे. वडील नाथू म्हशी आणि शेरडं पाळत, उतारावर नाचणी-वरी करत. आई गोदूबाई घर, गोठा आणि दूध बघायची. निम्म्या वाडीसारखे त्याचे चुलते श्रीपतकाका मुंबईला होते. परळच्या एका ऑर्केस्ट्राचं सामान ट्रकमध्ये चढवायचं-उतरवायचं काम करत. ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा वाटणीत एक जुनी गिटार त्यांच्या हाती आली. तिचं ते काय करणार? गणपतीला गावी येताना पुतण्यासाठी घेऊन आले. दीपेश तेव्हा आठवीत होता.

गिटारला चारच तारा होत्या. त्याने पाचवीच्या जागी स्कूटरच्या क्लचची तार लावून पाहिली, ती काही बोलेना. मग चार तारांवरच तो देवळातल्या भजनी मंडळाच्या पेटीशी सूर जुळवू लागला. म्हशी चरायला नेताना गिटार खांद्याला. नाथूने कधी हाक मारून ती ठेवायला लावली नाही. म्हशी चुकल्या तर मात्र बोलायचा.

बारावी झाल्यावर दीपेश काकांकडे परळला गेला. दिवसा एका दुकानात स्पीकर दुरुस्त करायला शिकला आणि तिथेच त्याला पियुष भेटला. पियुष कॉलेजातला मुलगा, आवाज खडा, गाणी स्वतः लिहायचा. त्याला मराठीत रॉक गायचं होतं. लोक हसतील याची त्याला पर्वा नव्हती. ड्रमवाला आणि बेस वाजवणारा शुभम असे दोघे मिळाले आणि बँड उभा राहिला. नाव काय ठेवायचं यावर वाद चालला होता. दीपेश म्हणाला, आमच्या घाटात पाटी असते, ‘पुढे नागमोडी वळण’. पियुषला ते आवडलं. बँडचं नाव ‘नागमोडी’ पडलं.

सात-आठ वर्षं ते वाजवत राहिले. कॉलेजांचे महोत्सव, गणेशोत्सवाचे मंडप, एकदा गोव्याला. एक सीडी निघाली. सरावाची खोली शिवडीला, एका गोदामाच्या माडीवर. खोली इतकी लहान की ड्रमचे पितळी सिंबल दीपेशच्या उजव्या कानापासून हातभरावर. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. सगळा आवाज आतच फिरायचा. घरी गेल्यावर कान गुणगुणायचे, ते सकाळपर्यंत उतरायचं. सगळ्यांचंच तसं व्हायचं. कुणी मनावर घेतलं नाही.

बँड भांडून मोडला नाही. ड्रमवाला दुबईला गेला, शुभमने वडिलांचं दुकान धरलं, कार्यक्रमांच्या तारखा मागे पडत गेल्या आणि एक दिवस लक्षात आलं की सरावाच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला माहीत नाही.

दीपेश मग स्टुडिओत वाजवू लागला. जाहिराती, लग्नाच्या सीडी, दूरदर्शनवरच्या मालिका. मालिकेत गिटारला काम कमी; सून रडायला लागली की चार संथ स्वर, सासू दारात आली की एक जाड स्वर. पुढे पियुषने मुंबईतच गोरेगावला स्वतःचा स्टुडिओ काढला आणि दीपेशला बोलावून घेतलं. आता तो वाजवत कमी होता. गाणं रेकॉर्ड झालं की प्रत्येक वाद्य, प्रत्येक आवाज किती पुढे, किती मागे ठेवायचा, हे ठरवणं त्याचं काम झालं. त्यात तो चांगला होता. रोज मालिकेचा एक भाग द्यावा लागायचा. रोज. दुसऱ्या दिवशी दुसरा. काचेच्या बंद खोलीत बाहेर ऊन आहे की अंधार पडलाय तेही कळायचं नाही. दर्शनाशी लग्न झालं, पण तिची नोकरी महाडात, त्याची गोरेगावात. सुट्टी मिळाली की तो यायचा आणि झोपायचा.

“नवरा घरी आलाय असं वाटायचंच नाही,” दर्शना मला म्हणाली होती. “कुणीतरी दमलेला पाहुणा आलाय असं वाटायचं.”

तिला आणखी एक गोष्ट दिसली होती. तो नेहमी तिच्या उजव्या हाताला बसायचा, म्हणजे ती त्याच्या डाव्या कानाकडे येईल. दुसऱ्या बाजूने बोललं तर हसून मान डोलवायचा, आणि उत्तर भलतंच द्यायचा. तिने दोनदा विचारलं. त्याने सर्दीचं कारण सांगितलं. खरं म्हणजे उजव्या कानात बारा महिने रातकिडे ओरडत होते. गुणगुणणं आता सकाळी उतरत नव्हतं. बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकू येईनासे झाले होते, म्हणून गाण्यातले तसे आवाज तो नकळत वाढवत चालला होता. त्याला जे गाणं बरोबर वाटायचं ते इतरांच्या कानांना टोचायचं.

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. कानांवरच ज्याचं पोट आहे त्याने कान गेल्याचं कसं सांगावं?

शिमग्याला तो वाडीवर आला होता. गोदूबाई ती मालिका न चुकता बघायची. कथा तिला आवडत नव्हती, पण त्यात मुलाचं काम होतं. शेवटी नावांच्या पाट्या धावायच्या तेव्हा ती पुढे सरकून बसायची, वाचता येत नसलं तरी. त्या संध्याकाळी तिने त्याला अंगणातून हाक मारली.

“दीपू, तुझं गाणं लागलंय बघ रे.”

तो आत येऊन उभा राहिला. गाण्यात बासरी होती. ती त्याने पुढे ठेवली होती, बाईच्या आवाजाच्या शेजारी. टीव्हीवर ती अगदी मागे होती, पलीकडच्या डोंगरावरून यावी तशी. स्वतः वाजवलेली गिटारही वेगळ्या जागी होती. गाणं चांगलं वाटत होतं. पण ते त्याने केलेलं नव्हतं.

“काय झालं?” गोदूबाईने विचारलं.

“काय नाय,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पालखी होती, तिच्यासाठीही तो थांबला नाही. पोलादपूरच्या स्टँडवरून गाडी पकडून गोरेगावला गेला. पियुष स्टुडिओत एकटाच होता. दीपेशने विचारलं, गाणं कुणी बदललं? पियुषने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. स्टुडिओत ओम नावाचा नवा माणूस होता. दीपेश घरी गेला की ओम त्याचं काम पुन्हा बसून नीट करायचा आणि तेच पुढे जायचं. वाहिनीकडून तक्रारी आल्या होत्या.

“कधीपासून?” दीपेशने विचारलं.

“गणपतीपासून.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी निघून गेला असतास.”

“आणि आता?”

पियुषने समोरचा स्क्रीन बंद केला. मग म्हणाला, “आता पण जाशील. ठाऊक आहे मला.”

दीपेशला राग आला नाही, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. मित्राने आपली लाज झाकली की आपल्याला फसवलं, हे ठरवण्याइतकीही ताकद अंगात उरली नव्हती. खुर्चीवरचं जाकीट त्याने उचललं, ओमसाठी कॉम्प्युटरचे पासवर्ड लिहून ठेवले आणि महाडला आला.

पहिले काही आठवडे तो नुसता झोपला. दर्शना कामावर जायची, परत यायची, तो तिथेच. वाडीवर गेला तर नाथूबरोबर गोठ्यात बसायचा. नाथूने काही विचारलं नाही. गोदूबाईने मात्र विचारलं, कायमचा आलास का रे? त्याने हो म्हटलं. ती म्हणाली, मग जेव नीट.

नोकरी नात्यातल्या एका कंत्राटदाराने मिळवून दिली. कॉम्प्रेसर रूममध्ये माणूस हवा होता. त्याआधी वैद्यकीय तपासणी. डोळे, छाती, रक्त, आणि शेवटी कान. छोट्या बंद खोलीत कानांवर हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. हेडफोन घालून काचेपलीकडे बसण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. डाव्या कानाला तो बटण दाबत राहिला. उजव्या कानाची पाळी आली तेव्हा त्याला वाटलं, मशीन बंद पडलंय. त्याने काचेतून हात हलवला. पलीकडची बाई मान हलवून म्हणाली, चालू आहे.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ बघितली. रेघ एका ठिकाणी खाली कोसळली होती.

“याआधी कुठल्या कंपनीत होतात? बॉयलर? प्रेस शॉप?”

“नाही. बँडमध्ये.”

“बँड म्हणजे, लग्नाचा?”

“त्यातलाच प्रकार,” दीपेश म्हणाला.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने समजावून सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं जपता येईल. मोठ्या आवाजापासून लांब राहा. कॉम्प्रेसर रूम त्याने नाकारली आणि ‘पॅकिंगला चालेल’ असा शेरा दिला. त्या रात्री दीपेशने दर्शनाला पहिल्यांदा सगळं सांगितलं, रातकिड्यांपासून बासरीपर्यंत. ती चिडली. कान गेल्याबद्दल नाही, इतकी वर्षं नर्सच्या शेजारी बसून लपवल्याबद्दल. मग तिने त्याचा हात धरला आणि दोघं तसेच बसून राहिले.

नोकरी अंगवळणी पडली. बसने जायचं, ड्रम आवळायचे, बसने यायचं. दमणूक होती, पण ती झोपेने उतरत होती.

दोन वर्षांनी पियुषचा फोन आला. नागमोडीचं एक जुनं गाणं कुणीतरी इंटरनेटवर टाकलं होतं आणि कॉलेजातली पोरं ते ऐकत होती, आपसांत पाठवत होती. दादरला एका सभागृहात कार्यक्रम करायचा बेत होता. ड्रमवाला सुट्टीवर आलेला, शुभम तयार. दीपेशने नाही म्हटलं. पियुषने जोर केला नाही. पण मग आठवडाभर दीपेश जेवताना मध्येच थांबायचा आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर हलायची. दर्शना म्हणाली, जा. नाहीतर हे तू म्हातारपणापर्यंत करत बसशील. कानात घालायचे बोळे तिनेच आणले आणि त्याच्याबरोबर गेलीही.

तिने त्या संध्याकाळचं वर्णन मला बऱ्याच वेळा केलंय. सभागृह भरलं होतं. तिने त्याला असा कधी पाहिलाच नव्हता. लग्न झालं तेव्हा बँड संपलेला होता. तो वाकून वाजवत होता, डोळे मिटून, आणि पुढची पोरं त्याच्या गिटारचे स्वर तोंडाने म्हणत होती. तिला रडू आलं. तिला वाटलं, हा गिटारवाला मला पहिल्यांदा दिसतोय तो त्याच्या वाजवण्याच्या शेवटच्या दिवशी.

दीपेशची आठवण वेगळी होती. त्याने मला एकदाच सांगितली, पोलादपूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना. बोळ्यांमुळे सगळं गोधडी पांघरून ऐकावं तसं येत होतं. पियुष उजवीकडे होता, त्याचं गाणं ऐकूच येत नव्हतं. म्हणून तो अधूनमधून डोळे उघडून पियुषच्या ओठांकडे बघायचा आणि कडवं कुठे आलंय ते ओळखायचा. बोटांना सगळं पाठ होतं. चूक झाली नाही. टाळ्या पडल्या तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला, थोडा. पण त्याहून जास्त, कधी एकदा खाली बसतो असं झालं होतं.

“वाईट वाटलं का?” मी विचारलं.

“नाय,” तो म्हणाला. “वाटेल म्हणून भ्यायलो होतो. दमलो होतो फक्त. ज्या गोष्टीसाठी घर सोडलं, ती करून माणूस दमतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.”

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत पियुषने पुढची तारीख काढली. पुण्याला, मोठ्या मैदानावर. दीपेशने नकाराची मान हलवली. पियुषने एकदा दर्शनाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

“तुझ्या जागी कुणाला घेऊ?”

“कुणालाही घे. गाणी अवघड नाहीत,” दीपेश म्हणाला. मग म्हणाला, “लहान वयाचं कुणी घेतलंस तर आधी कानात बोळे घालायला लाव.”

घरी आल्यावर पाचएक दिवस कानातले रातकिडे इतके वाढले की त्याला झोप येईना. नंतर ते नेहमीच्या जागी आले. मोठा अॅम्प्लिफायर त्याने विकून टाकला. गिटार घरात आहे. कधी वाजवतो, कधी महिनाभर हात लावत नाही. रविवारी वाडीवर जातो. नाथूला आता चढण झेपत नाही, म्हणून म्हशी दोनच ठेवल्यात.

पुण्याच्या कार्यक्रमाला रूपाली नावाच्या मुलीने गिटार वाजवली. पियुषने त्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. दीपेशने ते कंपनीत जेवणाच्या सुट्टीत डाव्या कानाने दोनदा ऐकलं. मधला तुकडा ती त्याच्यापेक्षा भराभर वाजवत होती. त्याने तसं पियुषला कळवलं. पियुषने विचारलं, थांबवू का तिला? दीपेशने लिहिलं, नको, तिला वाजवू दे तसंच. मग मोबाइल कपाटात ठेवला, टोपी घातली आणि पॅकिंगच्या हॉलमध्ये गेला. दुपारची पाळी यायला अजून अवकाश होता आणि बरेच ड्रम बाकी होते.